पहिल्या जीटीएमधली केटी खरंच जास्त चपळ होती का?

मिरजकर_८६
मंडळी, एक जुना वाद मिटवायचाय. १९९७ चा पहिला जीटीए, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, तो वरून दिसणारा कॉम्प्युटर गेम. परवा माळा आवरताना त्याची सीडी सापडली आणि ताईला फोन लावला तर परत तेच भांडण. सुरुवातीला माणूस निवडायला आठ चेहरे यायचे, ताई कायम केटी घ्यायची आणि मी बब्बा. तिचं म्हणणं केटी जोरात पळते. आणि खरंच हो, माझ्यामागे पाच मिनिटांत पोलीस लागायचे, वर त्या पोलिसांच्या तोंडांची रांग दिसायला लागली की माझे हात थरथरायचे, आणि ताई निवांत गेममधली लिबर्टी सिटी फिरायची, एक तोंड दिसायचं नाही. फक्त सुरुवातीला नाव टाकताना ती मला पाणी आणायला पिटाळायची. तर फरक होता का?

जुनी_सीडी
नाही दादा, काही फरक नव्हता. पीसीवर ट्रॅव्हिस, किव्हलोव्ह, ट्रॉय, बब्बा, उलरिका, केटी, डिव्हाइन, मिकी असे आठ जण होते पण फरक फक्त फोटोचा. एकदा गेम सुरू झाला की सगळे तोच पिवळा स्वेटर घातलेला ठिपका, वरून डोकं आणि खांदे दिसणार, केटी कुठली आणि बब्बा कुठला कळायचंच नाही. वेग, ताकद, गोळ्या सगळं सारखं. गेम बनवणारे डीएमए डिझाइनवाले स्कॉटलंडमधल्या डंडीचे, त्यांनी सगळा जीव शहरावर ओतला होता, ट्रेन सुद्धा चालायची राव. पहिल्या लेव्हलला १० लाख पॉइंट करायचे आणि मधे सेव्ह नाही, लाइट गेली की पहिल्यापासून.
आणि पाण्याचं म्हणाल तर ताईंनी बहुतेक नावाच्या जागी 'आयॅमदलॉ' टाकलं असणार, इंग्रजीत, मधे स्पेस न देता. या गेममध्ये चीट, म्हणजे गेम सोपा करणारे गुप्त कोड, नावातूनच चालायचे आणि त्या नावाने पोलीस गायब!!

ठाण्याचा_पप्पू
प्लेस्टेशनवर तर केटी नव्हतीच. आमच्याकडे चारच होते, चारही पुरुष. चौघी मुली फक्त पीसीवाल्यांना मिळाल्या हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

स्वाती_के
फरक नव्हता असं नका म्हणू प्लीज. मी उलरिका घ्यायचे. पुढे तोच पिवळा स्वेटर येणार हे माहिती असायचं तरी त्या फोटोवर एंटर मारला की गेम माझा वाटायचा, कॉम्प्युटरपुढे दादा आणि त्याचे चार मित्र बसलेले असताना तर जास्तच. १९९९ ला जीटीए २ आला आणि निवडायचंच बंद झालं, मग पुढच्या भागांतले हिरो टॉमी, सीजे, निको, सगळे पुरुष, चांगले आहेत, सीजे तर मला फार आवडतो, पण ऑनलाइन सोडलं तर मुख्य कथेत बाई घेऊन खेळायचं म्हटल्यावर थेट जीटीए ६ च्या डिसेंबर २०२३ च्या ट्रेलरमधली लुसिया. १९९७ ला चार होत्या आणि मग इतकी वर्षं एक पण नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मिरजकर_८६
जुनी_सीडी, बरोब्बर!! ताईला फोन केला, आधी हसत सुटली, मग कबूल केलं. मैत्रिणीने भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं होतं म्हणे. मी विचारलं, चीटच टाकायचा होता तर केटीच कशाला, कोणी पण चाललं असतं. तर स्वातीताई, ती तुमचंच बोलली. म्हणाली, "अरे तिथे मुलगी दिसली ना, मी दुसरं कोणाला घेणारच नव्हते." रविवारी ती येतेय, जुना पीसी चालू होतो का बघतो.