टर्बो सी ते व्हीएस कोड: आयडीई सुधारला की नुसता फुगला?

निळापडदा:
लेक डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिला व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर टाकून द्यायला बसलो. आधी सी चं एक्स्टेन्शन, मग जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारा) वेगळा, मग पाथ (कंपायलर कुठल्या फोल्डरात आहे ते संगणकाला सांगणं), मग लाँच डॉट जेसन ही सेटिंगची फाइल. 'हॅलो वर्ल्ड' दिसेपर्यंत संध्याकाळ गेली, तिचा उत्साहही गेला.

१९८३ साली बोरलँड कंपनीनं पास्कल भाषेसाठी टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला आणलं. त्याआधी एडिटर बंद करा, कंपायलर चालवा, चूक आली की पुन्हा एडिटर उघडा, हीच रीत होती. यात दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये, आणि चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी. सी भाषेसाठीचं टर्बो सी त्याच वाटेनं आलं. एफ ७ दाबत एकेक ओळ पुढं जायचं आणि खालच्या वॉच खिडकीत 'आय' या व्हेरिएबलचा आकडा वाढताना बघायचा. तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फॉर लूप मला तिथं कळला, फळ्यावर नाही. लिहिणं, कंपाइल करणं, चूक शोधणं, सगळं एका जागी असणं म्हणजेच आयडीई. आज नेमकं तेच गेलंय.

ओळ४२:
अजिबात पटलं नाही. आम्ही २०१२ मध्ये डॉसबॉक्समधून, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून, टर्बो सी चालवत होतो. फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराच्या) प्रॅक्टिकलला ७ चं उत्तर ५०४० आलं, ८ चं मात्र उणे २५२१६! तिथला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांचा, ३२७६७ ओलांडलं की आकडा ऋण. सर म्हणाले, जर्नलमध्ये ५ चं आउटपुट लिहा. पुढं नोकरीत जीसीसीनं टर्बो सीमध्ये सवयीची झालेली कोनिओ डॉट एच ही फाइल ओळखलीच नाही. टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्याच्या प्रेमात आपल्याकडच्या किती बॅचेसची वर्षं गेली!

निळापडदा:
तुमचं नुकसान खरं आहे, पण तो दोष सिलॅबसचा. १६ बिटांच्या डॉससाठी केलेली वस्तू २०१२ मध्ये कोणी शिकवायला सांगितली?

कातळशिल्प:
काका, तुम्ही ज्याला फुगणं म्हणताय ती खरी प्रगती आहे. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. १० एडिटर, १० भाषा म्हणजे १०० जोडण्या. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेच्या साधनानं आपसात कसं बोलायचं याचे ठरलेले नियम, आला आणि भाषेची जाण एडिटरबाहेर गेली. आता प्रत्येक एडिटरला एक आणि प्रत्येक भाषेला एक, अशा २० पुरतात. म्हणून तर नव्या भाषेलाही लगेच ऑटोकम्प्लीट मिळतं. आणि टर्बो पास्कलचा कंपायलर लिहिणाऱ्या अँडर्स हायल्सबर्गनंच पुढं टाइपस्क्रिप्ट ही भाषा घडवली. व्हीएस कोड तिच्यातच लिहिलाय.

निळापडदा:
हायल्सबर्गचं वाचून बरं वाटलं. जोडण्यांचा हिशोबही मान्य. पण तो फायदा एडिटर आणि भाषा बनवणाऱ्यांचा. पहिल्या दिवशी बसलेल्या पोरीला पाथ म्हणजे काय हे का कळायला हवं?

ओळ४२:
इथं मात्र मी तुमच्या बाजूनं. तिला कोडब्लॉक्स हा आयडीई द्या, मिनजीडब्ल्यूसकटचा (म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीसकटचा) इन्स्टॉलर घ्या. कंपायलर त्यातच येतो, एफ ९ ला बिल्ड होऊन चालतं, आणि इंट ३२ बिटांचा. ८ चं फॅक्टोरियल ४०३२०च येईल.

निळापडदा:
आज रात्रीच टाकतो. पहिला प्रोग्रॅम फॅक्टोरियलचाच करायला सांगतो, ८ घालून.