मदत हवी आहे : कीबोर्ड-माऊस बदलल्यापासून पीसी एररवर अडतोय

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात विंडोज ७ चा जुना पीसी आहे. जांभळ्या-हिरव्या गोल पिनांचे कीबोर्ड-माऊस खराब झाले, म्हणून नवी पेठेतून यूएसबीचे आणले. तेव्हापासून चालू करताच काळ्या पडद्यावर 'कीबोर्ड एरर ऑर नो कीबोर्ड प्रेझेंट' येतं. खाली एफ१ दाबा असं लिहिलेलं, पण नव्या कीबोर्डचं बटणच तिथं लागत नाही! जुना जोडून एफ१ दाबलं की पुढं विंडोजमध्ये नवे दोन्ही व्यवस्थित चालतात. फक्त निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टवर नाही. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळातच नसतात, ते ठीक.

मला वाटतं बायोसमधला (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) 'यूएसबी लेगसी सपोर्ट', म्हणजे विंडोज उठण्याआधीच यूएसबी कीबोर्ड चालवणारं सेटिंग, बंद आहे. पण तारीखही रोज मागं जाते, म्हणजे बायोसची तारीख-सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरलाय. मग चालू केलेलं सेटिंग टिकेल का? आधी सेलच बदलू? आणि सेल काढल्यावर साटा मोड (हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीनं चालवायची ते सेटिंग) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला, तर विंडोज उठेल ना? कामगारांचे पगार, जीएसटीची बिलं सगळं त्यातच आहे. बायोसमधल्या 'हॉल्ट ऑन'मधून (कोणत्या एररवर पीसीनं थांबायचं ते सेटिंग) कीबोर्ड वगळा असं एकानं सुचवलं, पण त्यानं नुसता मेसेज जाईल, दुखणं तसंच राहील. जाणकारांनी कृपया क्रम सांगावा.