मदत हवी आहे: एफएसएक्सनेटच्या संदेशांवर फिडोनेटचा पत्ता जातोय

फिडोनेट आणि एफएसएक्सनेट या हौशी लोकांच्या, संगणकावरून संगणकाकडे संदेश पोचवणाऱ्या दोन नेटवर्कांवर मी आहे. लिनक्सवर हस्कीचा एचपीटी टॉसर (संदेश वाटणारा आणि पॅकेटांत भरणारा प्रोग्रॅम), लिहायला-वाचायला गोल्डेड प्लस, मेलर बिंकडी (पॅकेटं देणारा-घेणारा). फिडोनेटवर पत्ता २:९९९/९९, एफएसएक्सनेटवर २१:१/९९९ (दोन्ही आकडे नमुन्यादाखल).

एफएसएक्सनेटच्या एरियात (चर्चेच्या विभागात) लिहिलं की ओरिजिन ओळीच्या (संदेश कुठून आला ते सांगणाऱ्या शेवटच्या ओळीच्या) कंसात २:९९९/९९ येतं. हबच्या (मला संदेश पुरवणाऱ्या संगणकाच्या) एरियाफिक्सला (एरिया चालू-बंद करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) नेटमेल, म्हणजे खासगी संदेश, पाठवलं तर उत्तरच येत नाही. बिंकडीचं सत्र मात्र २१ च्या पत्त्यावर पासवर्डसह जुळतं, पॅकेटं पोचतात. हस्कीच्या कॉन्फिगमध्ये दोन्ही 'ॲड्रेस' ओळी आहेत, फिडोनेटची पहिली. चूक कुठे शोधू?

प्रतिसाद १

सत्र जुळतंय, तेव्हा बिंकडीला हात लावू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता एका जागी नसतो आणि सगळीकडे एकच प्रोग्रॅम तो लिहीत नाही. एमएसजीआयडी (संदेशाची ओळखखूण), नेटमेलमधली आयएनटीएल ओळ (कुणाकडून कुणाला ते पत्ते) आणि ओरिजिन गोल्डेड लिहितो. पॅकेटचं हेडर, सीन-बाय आणि पाथ (संदेश कुठे पोचला, कुठल्या वाटेने गेला त्या ओळी) एचपीटी लिहितो. कुठला पत्ता चुकलाय ते पाहिलं की कुठली फाइल उघडायची ते कळतं.

गोल्डेडच्या कॉन्फिगमध्ये 'व्ह्यूक्लज येस' आणि 'व्ह्यूहिडन येस' करून (एरवी लपलेल्या ओळी दिसतात) आपलाच संदेश उघडा. एमएसजीआयडीतही २:९९९/९९ दिसला तर एरियाला स्वतःचा पत्ताच दिलेला नाही. अशा वेळी पहिली 'ॲड्रेस' ओळ लागू होते, आणि तुमची पहिली ओळ फिडोनेटची आहे. हस्कीच्या कॉन्फिगमधल्या त्या एरियाच्या 'इकोएरिया' ओळीत '-ए २१:१/९९९' घाला. हाताने लिहिलेल्या ओळींत हेच राहून जातं. आपोआप तयार होणाऱ्या एरियांना एचपीटी लिंकच्या (जोडलेल्या संगणकाच्या) 'अवरएका'चा, म्हणजे त्या लिंकसाठी ठरवलेला आपला, पत्ता देतो, म्हणून हबच्या लिंक विभागात 'अवरएका २१:१/९९९' हवंच. पॅकेटच्या हेडरमधला पत्ताही तिथूनच येतो.

गोल्डेड हस्कीचं कॉन्फिग थेट वाचत असेल ('एरियाफाइल फिडोकॉन्फिग') तर तो बंद करून पुन्हा सुरू केला की पुरे. एरियांची यादी वेगळ्या फाइलमध्ये असेल तर तिथेही पत्ता बदलावा लागेल.

नेटमेलचं वेगळं. दोन्ही नेटवर्कांना बहुधा एकच नेटमेल एरिया असतो, तिथे '-ए' कामाचं नाही. गोल्डेडमध्ये 'एकामॅच २१:* २१:१/९९९' (२१ च्या कुठल्याही पत्त्याला लिहिताना आपला हा पत्ता) लिहा आणि 'एकामॅचनेट येस' ठेवा. सध्या तुमचं नेटमेल २:९९९/९९ कडून निघतंय. हबच्या यादीत तुम्ही २१:१/९९९ आहात, त्यामुळे एरियाफिक्सला तो पत्ता ओळखता येत नाही. त्याने नकार कळवला तरी तो फिडोनेटच्या पत्त्यावर जाणार, आणि तिकडे जायचा रस्ता हबकडे असेलच असं नाही.

बदल झाले की 'टीपार्सर' चालवा, कॉन्फिगमधल्या चुका तो दाखवतो. मग एफएसएक्सनेटच्या चाचणी एरियात एक संदेश टाका आणि आउटबाउंडमधलं (पाठवायच्या पॅकेटांच्या फोल्डरमधलं) पॅकेट 'पीकेटीइन्फो'ने तपासा.

धागाकर्ता

एमएसजीआयडी आणि पॅकेट दोन्ही बरोबर झाले, एरियाफिक्सचं उत्तर आलं. पण ओरिजिनमध्ये आता दोन कंस येतात: आधी २:९९९/९९, मग २१:१/९९९.

प्रतिसाद २

पहिला कंस तुमच्याच मजकुरातला आहे. गोल्डेडच्या 'ओरिजिन' ओळीत पत्ता हाताने टाइप केलेला असणार, तो काढा. त्या एरियाचा पत्ता गोल्डेड शेवटी आपणहून जोडतो.

मजकूरही आटोपशीर ठेवा. एफटीएस-०००४ या फिडोनेटच्या तांत्रिक मानकाप्रमाणे पत्ता धरून ओरिजिन ओळ ७९ अक्षरांच्या आत हवी. लांबली तर वाटेतला एखादा जुना प्रोग्रॅम शेपूट कापतो आणि नेमका पत्ताच जातो.

प्रतिसाद १

आणि चुकीच्या पत्त्याने गेलेले जुने संदेश पुन्हा पाठवू नका. नव्या प्रतीला नवा एमएसजीआयडी मिळतो, त्यामुळे इतरांच्या टॉसरची डुप्लिकेट-तपासणी तिला बहुधा अडवणार नाही आणि साऱ्या नेटवर्कवर तोच मजकूर दोनदा दिसेल.