शब्दचर्चा : ‘वाचून काढलं’, ‘वाचून टाकलं’ आणि ‘वाचत असतो’

‘सध्या काय वाचताय?’ असं कुणी विचारलं की मी चार नावं सांगतो आणि चारही पुस्तकांना ‘वाचतोय’ हेच क्रियापद लावतो. हल्ली ते मला खटकतं. एक रहस्यकथा, एक जाडजूड चरित्र, एक कवितासंग्रह आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अशी ही चार पुस्तकं. ती काही मी एकाच तऱ्हेने वाचत नाही.

फरक ‘वाचून’च्या पुढे येणाऱ्या क्रियापदात दिसतो. रहस्यकथा आपण ‘वाचून टाकतो’. खुनी सापडला, काम संपलं. सहाशे पानांचं चरित्र मात्र ‘वाचून काढतो’. त्यात चिकाटी आहे, थोडा घामही आहे. उद्या लागणारा मजकूर ‘वाचून ठेवतो’. आता हीच क्रियापदं कवितेला लावून बघा. ‘कवितासंग्रह वाचून टाकला’ म्हटलं की कवीवर अन्याय झाल्यासारखं वाटतं. कविता आपण ‘वाचत असतो’. ‘वाचतोय’मध्ये पुस्तक कधीतरी संपेल असं गृहीत असतं, ‘वाचत असतो’मध्ये तसं काही नाही. माझ्या मते कवितेसाठी हाच प्रयोग नेमका आहे.

कोश कुणी वाचत नाही, तो ‘पाहतात’ किंवा ‘चाळतात’. चाळणे म्हणजे मुळात हलवणे, संस्कृत ‘चालयति’वरून आलेलं. पीठ चाळतो तशीच पानंही चाळतो. म्हणून ‘नुसतं चाळलं’ हे कमीपणाने बोललेलं मला पटत नाही. मोल्सवर्थची १८५७ची दुसरी आवृत्ती चाळताना एक शब्द शोधायला जावं आणि शेजारचे पाच हाती लागावेत, हे सलग वाचून साधत नाही.

‘पारायण’ची गोष्ट आणखी वेगळी. पार म्हणजे पलीकडचा काठ, अयन म्हणजे जाणं. म्हणजे मूळ अर्थ आरंभापासून शेवटापर्यंत जाणं, एकदाच का होईना. आज आपण ‘त्या कादंबरीची पारायणं केली’ म्हणतो तेव्हा मनात असतं ते पुन्हापुन्हा वाचणं. अर्थ सरकला, पण छान सरकला. यासाठी ‘आवृत्ती’ही चालला असता, पण तो शब्द छापखान्याने घेऊन टाकला.

जाता जाता, ‘कादंबरी’ हे मुळात एका नायिकेचं नाव. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या गद्यकाव्यावरून मराठीने आणि कन्नडने ते अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. हिंदीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. बाणाच्या हातून ती पुरी झाली नाही, उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला.

यावरूनच माझा प्रश्न. निम्म्यावर थांबलेल्या, पण सोडून न दिलेल्या पुस्तकाला काय म्हणावं? ‘अर्धवट टाकलं’ यात दोष येतो, ‘राहून गेलं’ यात हळहळ. खूण घालून बाजूला ठेवलंय आणि परत उघडणार आहे, एवढंच सांगायचं आहे. मी ‘थांबवून ठेवलंय’ म्हणतो, पण ते बसमध्ये बोलल्यासारखं वाटतं. तुमच्या बोलण्यात, घरातल्या थोरामोठ्यांच्या तोंडी याला एखादा शब्द आहे का?