अनुभव धागा : एचआयव्ही समुपदेशन करणाऱ्या बायांनो, लिहा

कात्रजकर
मी पुण्यातल्या एका आयसीटीसीत समुपदेशक आहे. सरकारी दवाखान्यातली ही खोली. इथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि तपासणीच्या आधी आणि नंतर पेशंटशी बोलायला कोणीतरी बसलेलं असतं. ती मी. नातेवाइकांत मी "दवाखान्यात असते" एवढंच सांगते, पुढचं सांगितलं की समोरचा चहाचा कप जरा लांब सरकवतो. पेशंटच्या दुःखावर पुष्कळ लिहिलं जातं, टेबलाच्या अलीकडच्या बाईवर फारसं नाही. म्हणून हा धागा. ओळख पटेल असं काही लिहू नका.

सुरुवात माझ्यापासून. चाकणला एका कंपनीत कामगारांसमोर मॉडेलवर कंडोम दाखवत होते. मागून आवाज आला, "मॅडम, घरी प्रॅक्टिस करता का?" हशा. त्यालाच पुढे बोलावलं, म्हटलं दाखवा तुम्ही. पठ्ठ्याने पाकीट दाताने फाडलं. "बघा, असंच फाडायचं नसतं," म्हणून पुढचं सगळं शिकवून टाकलं. तो सुधारला की नाही माहीत नाही, हसणारे मात्र गप्प बसले.

लोहवाल्या मॅडम
माझा त्रास गरोदर बायांचा. म्हणजे त्यांच्यामुळे नाही, त्यांच्या घरच्यांमुळे. नाव घातलं की बाईची तपासणी होते, नवऱ्याची राहून जाते. मग घरात आधी सापडते ती, आणि आजार तिनेच आणला असं ठरतं. दाराबाहेर सासू उभी. "काय निघालं हो पोरीला?" मी सांगते, रक्त कमी आहे.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी लातूरकडे, धाराशिवकडे निघून जाते. एचआयव्हीच्या गोळ्या चुकायला नकोत, बाळ जन्मलं की त्याचं औषध लगेच सुरू व्हायला हवं, सहा आठवड्यांनी त्याची तपासणी. हे सगळं फोनवर सांभाळायचं आणि फोन भावाच्या हातात. "कोण बोलतंय?" "लोहाच्या गोळ्यांचं विचारायचं होतं." एका बाळाची अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली तेव्हा मी खोलीतच रडले. त्याची आजी मला आजही लोहवाल्या मॅडम म्हणते. म्हणून हे नाव घेतलंय.

पेठेतली
बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत आउटरीचला, म्हणजे तिथेच जाऊन बायांशी बोलायला जाते. एकदा जिन्यात उभी असताना एका गिऱ्हाइकाने मलाच भाव विचारला. वरच्या मजल्यावरच्या बाईने त्याला अशा काही शिव्या घातल्या की त्या मी इथे लिहू शकत नाही. तिथे मला कधीच भीती वाटली नाही. रस्ता ओलांडून रिक्षात बसले की रिक्षावाला आरशातून बघतो, ते जास्त लागतं.

पत्रिका
माझ्या मावसबहिणीच्या मुलीला स्थळ आलं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. मुलगा आमच्या सेंटरला येणारा. सगळे विचारतायत, "तुला कसा वाटतो?" मी म्हटलं, बरा दिसतो.

दोन रात्री झोप नाही. २०१७च्या एचआयव्ही कायद्यात समुपदेशकाला जोडीदाराला सांगण्याची मुभा आहे, पण आधी पेशंटची समजूत घालावी लागते, आपण सांगणार आहोत हे त्यालाही कळवावं लागतं. आणि सांगितल्यामुळे, विशेषतः बाईच्या बाबतीत, मारहाण व्हायची किंवा घराबाहेर काढायची भीती असेल तर सांगायचं नाही. यात पाहायला आलेल्या मुलीचा उल्लेखच नाही. तिथे जोडीदार म्हणजे नवरा-बायको किंवा तसे एकत्र राहणारे.

मी त्याला सेंटरला बोलावलं. मुलगी माझी कोण हे सांगितलं नाही. लग्न करायला तुला बंदी नाही, म्हटलं, गोळ्या नियमित असल्या आणि विषाणू मोजणीत सापडेनासा झाला की संबंधातून लागण होत नाही, मुलंही होतात, पण हे तिला लग्नाआधी तू सांगायचंस. तो बराच वेळ गप्प होता. आठवड्याने त्यांच्याकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. मावसबहीण अजून त्या गुरुजींवर चिडलेली आहे. तो पोरगा मला आवडायचा, हेही खरं.

कंत्राटी
एवढं सगळं करून आपण कंत्राटी. मानधन, तेही उशिरा. गोपनीयतेसाठी दार-खिडकी बंद, समोर खोकणारा टीबीचा संशयित पेशंट. बाळंतपणाच्या रजेचं विचारलं तर साहेब म्हणाले, "आधी कंत्राट वाढतंय का बघू."

नवीनच लागलेली
ताई, रात्री अकराला फोन येतात. "मॅडम, एक शंका होती," म्हणत सुरू होतं आणि दुसऱ्या वाक्याला कुठल्या कुठे जातं. ब्लॉक करावं तर वाटतं, यातला एखादा खरंच जिवाचं काही करून घ्यायला निघालेला असला तर?

कात्रजकर
वेगळं सिम घे. कामाची वेळ संपली की बंद. पेशंटला १०९७ लिहून देत जा, ती हेल्पलाइन मोफत आहे आणि रात्रीही चालते. ज्या दिवशी कोणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह दिला असेल, त्या रात्री मी सिम चालू ठेवते. बाकीच्यांनी आपापलं ठरवावं. घाणेरडं बोलणाऱ्याचे फोन रेकॉर्ड कर आणि इन्चार्जला ऐकव, लाजू नकोस.

कंत्राटी
त्या सिमचा रिचार्ज स्वतःच्या खिशातून, हेही सांगा तिला.