आपल्या माणसाला निरोप कसा दिलात? (अनुभव धागा)

उसवलेली शिवण:
मार्चमध्ये आई गेली. 81 वर्षांची होती, झोपेतच गेली. तर 'कशी गेली' हे या धाग्यावर नकोच, 'कसं पोचवलंत' ते लिहा. म्हणजे त्या माणसाला शोभेल असं काही करता आलं का, घरचे काय म्हणाले, काय राहून गेलं. मीच सुरुवात करते.

आईने 2009 मध्येच देहदानाचा फॉर्म भरून कार्ड कालनिर्णयच्या मागे खिळ्याला अडकवलं होतं, दर जानेवारीला कॅलेंडर बदललं की कार्ड नव्याच्या मागे जायचं, आणि 'मी गेले की आधी पंखा बंद करा, मग रडा' हे तिने आम्हाला इतक्यांदा ऐकवलेलं की पहाटे चारला मी खरंच आधी पंखा बंद केला. पंख्याने बुबुळं सुकतात. पापण्या मिटल्या, वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली दोन उशा. नेत्रपेढीवाले तासाभरात आले, वीसेक मिनिटांत त्यांचं काम झालं, चेहऱ्याकडे बघून काही कळतही नव्हतं. मग फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि दहाच्या सुमाराला मेडिकल कॉलेजची गाडी.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पाचला उठले, अंघोळ केली, साडी नेसून बसले, आणि मग लक्षात आलं की सावडायला जायचंच नाहीये. अस्थीच नाहीत. हात इतके रिकामे वाटले ना.

म्हणून दहाव्याला तिच्या शिवणक्लासच्या बायकांना बोलावलं, सांगितलं तिच्या हातचं किंवा तिने शिकवलेलं काहीतरी घेऊन या. एकीने 1988 चा ब्लाऊज आणला, एकीने झबलं, ते घालणारा मुलगा आता बँकेत मॅनेजर आहे, आणि एकीने चक्क आईने रागावून उसवायला लावलेला परकर आणला, तो तिने कधी उसवलाच नव्हता. हॉलभर दोऱ्या बांधून सगळं टांगलं. मावशी मात्र नाराज, 'गती कशी मिळायची तिला' म्हणून तिने आपल्या घरी गुरुजी बोलावून पिंड घातले. घालू दे की. तिची बहीण होती.

पंचगंगाकाठ:
आमच्या कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही, आणि शेणी, म्हंजे गोवऱ्या, लोकं दान करत्यात, होळीच्या टायमाला तर लईच. आबा दरवर्षी पोतं भरून सायकलवरनं स्वतः नेऊन द्यायचे आणि घरी येऊन सांगायचे, 'माझ्या वाटच्या पोचवून आलो.' त्यांना नेलं तेव्हा तिथला माणूस बघून म्हणला, अरे हे तर आमचे शेणीवाले. तिथंच मला रडू फुटलं, घरी आलं नव्हतं.

रक्षाविसर्जन नदीत केलं नाही. बांधावर पाच खड्डे काढले, त्यात रक्षा घातली आणि आंबा लावला. भावकीत दोन दिवस कटकट, रक्षा पाण्यातच जायला पायजे म्हणून. आता प्रश्न एवढाच आहे की आंबे लागल्यावर खायचे का. आई म्हणती खायचे, जिवंतपणी कधी पेटी आणली नाही त्यांनी.

काचेचा चुडा:
मिस्टर 2022 च्या पावसाळ्यात गेले. त्याच वर्षी 4 मे ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र जोडवी काढायची नाहीत, आणि मग सरकारचंही परिपत्रक निघालं. पेपरात वाचून मी 'बरं झालं' म्हणून पान उलटलं होतं. आपल्या दारात चार बायका येऊन आपला हात धरतात तेव्हा पेपर आठवत नाही.

सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. त्या उठल्या, मला मागे ओढलं आणि स्वतःचं मनगट त्या बायकांपुढे धरलं. चौतिसाव्या वर्षी त्यांच्या फोडल्या तेव्हा काच घुसली होती, त्याचा वण आहे. 'एका घरात एक वण पुरे' एवढंच बोलल्या. पोटचा पोर पुढ्यात असताना. त्या दिवसाचं बाकी मला काही आठवत नाही.

साधा माणूस:
सगळ्यांचं वाचतोय, पण हल्ली म्हणतात ते 'सेलिब्रेशन ऑफ लाइफ' वगैरे मला पचत नाही. भाऊ 29 वर्षांचा होता, बाईक. काय सेलिब्रेट करणार? त्याने हौसेने देहदानाचं कार्डही केलेलं, पण अपघात म्हणजे पोस्टमॉर्टेम आलं, आणि पीएम झालं की देह घेत नाहीत, हे तेव्हा कळलं. आमचं डोकं बंद पडलेलं. तेरा दिवस गुरुजी म्हणतील ते केलं, पाणी सोडा सोडलं, जानवं उजव्या खांद्यावर घ्या घेतलं. अर्थ एकाही मंत्राचा कळला नाही, पण सकाळी उठायला कारण होतं. विधी म्हणजे थोतांड असं मीही कॉलेजात म्हणायचो.

उसवलेली शिवण:
@साधा माणूस, हेही इथे हवंच होतं. लिहिलंत ते बरं केलंत. एक माहिती जोडते, फॉर्म भरला तरी ऐनवेळी घरच्यांची संमती लागतेच, त्यामुळे कार्ड लपवून ठेवू नका, घरात बोला. आणि डोळे सहा तासांच्या आत द्यावे लागतात. चष्मा, डायबेटिस, मोतीबिंदूचं ऑपरेशन, कशाने अडत नाही.

थोरली लेक:
2019. पप्पांचं मडकं मी धरलं. काका म्हणाले पुतण्या आहे ना. मी म्हटलं, 1890 ला जोतीरावांच्या वेळी भाऊबंद आडवे आले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे हेच मडकं, धरलं होतं, 129 वर्षं झाली काका. गप्प बसले, पटलं म्हणून नाही, लोक बघत होते म्हणून. मागून भोक पाडलं की पाणी पाठीवरून वाहतं, ते किती गार असतं हे कुठल्याच बाईने मला सांगितलं नव्हतं, कुणाला माहीतच नसणार.

सातासमुद्रापार:
न्यू जर्सी. बाबा तीन महिन्यांसाठी आले होते, ऑगस्टमध्ये इथेच गेले. इथे लगेच काही होत नाही, कागदपत्रं, फ्युनरल होमची तारीख, पाच दिवस. वाटलं वेड लागेल. पण फ्युनरल होमच्या बाईने पहिला प्रश्न विचारला, तुमचे वडील कसे होते? पुण्यात मला गोत्र विचारलं असतं. अर्धा तास बोलत होते मी.

धोतर नवऱ्याने यूट्यूब बघून नेसवलं, बाबांनी ते सोडून परत नेसवलं असतं. इथे सकाळचे अकरा, तिकडे रात्रीचे साडेआठ, झूमवर तीसेक नातेवाईक, निम्म्यांचे माईक चालू, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. माझा बारा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, आजोबा पत्त्यात चीटिंग करायचे, गुलाम मांडीखाली ठेवायचे. सगळे हसले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले, हसलेलं चालतं का म्हणून. शेवटी दहनाचं एक बटन असतं. भावाला व्हिसा मिळाला नाही, मी दाबलं. अस्थी नंतर हँडबॅगेतून नेल्या, डबा धातूचा नको, एक्सरेत आतलं दिसलं पाहिजे, सोबत डेथ आणि क्रिमेशन दोन्ही सर्टिफिकेटं.

घाटावरची:
आमच्या भागात दहावा म्हणजे सभाच. प्रवचन, मग सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग आजी-माजी-भावी सगळे श्रद्धांजली वाहणार, आणि गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीत बघून वाचणार. आजीला हे पाठ होतं. 'माझ्या दहाव्याला माईक लावला तर कावळा शिवणार नाही' असा दम देऊन ठेवलेला तिने. माईक नाही लावला, पुढारी वैतागून लवकर गेले. तरी कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. चुलते म्हणाले नातीच्या लग्नाचं बघू, नाही. घर पडू देणार नाही, नाही. मग मी पुढे होऊन म्हटलं, लग्नाचं माझं मी बघीन, पण तुझी म्हैस विकू देणार नाही. दोन मिनिटांत शिवला. माझा विश्वास नाही हो या सगळ्यावर, पण घाटावर सगळे असे हसले की भटजी पण हसले.

पंचगंगाकाठ:
म्हैस हाय का अजून?

घाटावरची:
आहे. गाभण आहे.