जिन्याखाली उपाशी मांजर आलंय: काय घालाल, कसं जवळ कराल? (अनुभव धागा)

पेठकरीण:
पहिली मोठी सर पडून गेली आणि जिन्याखाली एक मांजर येऊन बसलंय. बरगड्या मोजून घ्याव्यात, आवाज मात्र खणखणीत. बघताक्षणी वाड्यातल्या दारामागची जर्मनची वाटी आठवली, दूध-पोळी कुस्करलेली. म्हणून धागा. हळवं लिहायला दुसरे धागे आहेत. इथे काय घालायचं, किती, कधी आणि काय चुकतं ते लिहा.

सुरुवात मीच करते. दूध नको. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. वाटी चाटूनपुसून लख्ख करतात आणि काही तासांत जुलाब. आधीच सुकलेल्या जिवाच्या अंगातलं पाणी आणखी जातं. नुसतं पाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून हातभर लांब.

दुसरं, पहिल्याच दिवशी पोटभर नको. उपाशी मांजर न चावता गिळतं आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, दोन चमचे, म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास. तीन-चार तासांनी परत तेवढेच. तीन-चार दिवसांत नेहमीच्या मापावर या. अगदीच हाडांचा सापळा असेल तर आधी डॉक्टर. फार दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातले क्षार बिघडतात, त्यात जनावर दगावतं.

वाघाची मावशी:
म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पितं ते जुलाब दिसू नयेत म्हणून!

आडवं मांजर:
हहपुवा (हसून हसून पुरे वाट)

कोळीवाड्याची:
मासळी घालणाऱ्यांनी वाचा. कच्ची नको. काही माशांत, विशेषतः तारलीच्या जातीत, ब1 जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. रोज कच्चे घातले तर मांजराची मान लुळी पडते, चाल डगमगते. उकळलं की तो घटक जातो. मांदेली, बांगड्याची डोकी दहा मिनिटं नुसत्या पाण्यात उकडा, मीठ नाही, कोकम नाही. बांगड्याचा मधला काटा ओढून काढा, तो शिजल्यावर अख्खा येतो. सुकट-जवळा खारवलेला असतो, दोन पाण्यांतून काढून उकळून चिमूटभरच, वास लागावा म्हणून. आणि रोज फक्त मासळी नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

नुसता वाचक:
उरलेला रस्सा भातात कालवून चालेल ना? आमच्याकडे रोज उरतो.

कोळीवाड्याची:
नाही! कांदा-लसूण. कच्चा, तळलेला, वाटणातला, सगळा सारखाच. मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्याफटक होतात. मसाल्यातलं मटण धुऊन घातलं तरी कांद्याचा अर्क आत मुरलेलाच असतो. फोडणीआधी चार तुकडे बाजूला काढायचे, एवढं सोपं आहे. कुकर लावलाय, नंतर येते.

मिशीवाला:
मापाचं लिहितो. तीन-साडेतीन किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण 50 ग्रॅम कोरडं खाणं, सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं. घरच्या चिकनवर ठेवायचं तर उकडलेलं बिनहाडाचं दिवसाला 110–120 ग्रॅम. पण नुसत्या चिकनवर महिनोन् महिने नको, कॅल्शियम पडत नाही. उकडल्याचं पाणी ओतू नका. टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्यात उतरतं आणि मांजराला ते अन्नातूनच घ्यावं लागतं. कमी पडलं तर डोळे आणि हृदय जातं. कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही ते बरंचसं याचमुळे. स्वस्त पडतं म्हणून घालणारे पुष्कळ आहेत.

काळीज (म्हणजे कलेजी) आठवड्यातून एकदा, अंगठ्याएवढं. रोज घातलं तर अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके धरतात. शिजलेली हाडं अजिबात नाहीत, उभी चिरफळतात.

दुपारचा चहा:
घरात अंडंसुद्धा येत नाही हो. आम्ही काय करायचं? पोळी-तूप खाते ती आवडीने.

मिशीवाला:
आवडीने प्लास्टिकही चाटतात मांजरं. पोळीने पोट भरतं, अंग भरत नाही. वाघाच्या मावशीला शाकाहारी करता येत नाही. पाकिटातलं कोरडं खाणं आणा, घरात शिजवायला नको की भांडी विटाळायला नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात उघडं पाकीट आठवड्यात सर्द होतं, मग बुरशी. वास कुबट आला की फेकायचं, उन्हात वाळवून परत घालायचं नाही.

दुपारचा चहा:
बरं. सासूबाईंना 'बिस्किटं' म्हणून सांगते.

आडवं मांजर:
जवळ करण्याबद्दल कोणीच लिहीत नाहीये, सगळे स्वयंपाकघरात. जागा एक, वेळ एक, ताटली तीच. ठेवताना जीभ टाळूला लावून टक्-टक् किंवा चमचा ताटलीवर दोनदा, तोच आवाज रोज. पहिले तीन दिवस ठेवून निघून जायचं. मग दहा फुटांवर बसायचं, जमिनीवर, तिरकं, तिच्याकडे न बघता. रोज फूटभर पुढे. ती खाता खाता थांबली आणि कान मागे गेले, तर दुसऱ्या दिवशी दोन फूट मागे. यात घाई करणाऱ्याचा पूर्ण आठवडा वाया जातो.

नजरेला नजर लावून बघणं म्हणजे मांजराच्या लेखी भांडण. डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे. तिनेही तसंच केलं तर समजा बोलणं सुरू झालं. शेपूट उभी, टोकाला वाकडी करून आली तर आनंद. शेपटीचं टोक फटफट आपटतेय तर हात मागे.

पहिला घास हातातून देऊ नका. भुकेल्या मांजराला बोट कुठे संपतं आणि चिकन कुठे सुरू होतं ते कळत नाही. लांब दांड्याचा चमचा घ्या, टोकाला मऊ चिकन फासा. चाटताना दांडा थोडा थोडा आखूड धरत जा. आठ-दहा दिवसांत तिची हनुवटी तुमच्या बोटाला लागते, आणि तिथेच खाजवायचं, गालावर, हनुवटीखाली. पोट आणि शेपटीचं मूळ नाही. आडवी पडून पोट दाखवलं तरी नाही! ते विश्वासाचं लक्षण आहे, आमंत्रण नाही.

वाघाची मावशी:
हे शेवटचं बऱ्याच ठिकाणी लागू आहे.

नुसता वाचक:
मुंग्या!!! ताटली ठेवली की दोन मिनिटांत रांग.

पेठकरीण:
परातीत बोटभर पाणी, त्यात पालथी वाटी, वाटीवर ताटली. मुंग्यांचा खडू आखू नका. त्यातलं विष मांजराच्या पायाला लागतं आणि ते पाय चाटतं. कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषधही तसंच, त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीत जीव जातो.

कोळीवाड्याची:
आले परत. कावळे आणि कुत्रे राहिले. कावळे झोपल्यावर, दिवेलागणीनंतर घालायचं. कुत्री असतील तर चार-पाच फुटी कंपाउंडच्या भिंतीवर. अर्ध्या तासाने ताटली उचलून जागा पुसायची. सोसायटीत भांडणं मांजरामुळे होत नाहीत, सांडलेल्या भातामुळे होतात.

जिन्याखालचा:
आमच्या कमिटीने 'खाऊ घालू नये' असा बोर्ड लावलाय.

मिशीवाला:
2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत उलट सोसायटीनेच जागा आणि वेळ ठरवून सोय करावी असं आहे. मुलं खेळतात तिथे आणि जिन्याच्या तोंडाशी नको, एवढं तुम्हीही पाळा. नियमाची प्रत घेऊन मीटिंगला जा, आवाज न चढवता. आणि पुढचा मुद्दा स्वतःहून काढा: नसबंदी. मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65, पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकते. खाऊ घातलं आणि नसबंदी केली नाही, तर वर्षभरात तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं.

पिंजरा लावायचा तर आधी पाच-सहा दिवस दार बांधून उघडं ठेवा आणि जेवण आतच. आदल्या रात्रीपासून उपास. इतरांनाही सांगा, नाहीतर चौथ्या मजल्यावरच्या काकू मायेने घालतातच. मांजर आत गेलं की लगेच चादर टाका. अंधार झाला की धडका थांबतात. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर नसबंदी आधीच झालेली आहे, परत धरू नका.

दुपारचा चहा:
तीनरंगी आहे आमची. बोका असेल का?

आडवं मांजर:
तीनरंगी म्हणजे जवळजवळ नक्की मादी. रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, काळा आणि तांबडा दोन्ही यायला दोन एक्स लागतात. तांबडं एकरंगी बहुधा बोका. पोट लोंबतंय का बघा.

दुपारचा चहा:
लोंबतंय :(

आडवं मांजर:
मग कुठेतरी पिल्लं असतील किंवा होणार असतील. खाणं दुप्पट करा, मागे मागे जाऊन पिल्लं शोधू नका, ती जागा बदलते. पिल्लं गप्प आणि पोटं टम्म असतील तर आई येतेय, उचलू नका. सतत ओरडणारी आणि गार लागणारी असतील तरच हात घाला. आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलं तर पचत नाही. पालथं धरून पाजा, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, दूध छातीत जातं. दूधही पिल्लांसाठी मिळतं तेच, गाईचं नाही. माणसाळवायचं असेल तर दोन ते सात आठवडे हाच काळ, नंतर मेहनत चौपट.

जिन्याखालचा:
ओरखडा आला तर? बायको घाबरते.

पेठकरीण:
घाबरायचंच असतं, फक्त वेळेवर. वाहत्या नळाखाली साबणाने 15 मिनिटं, घड्याळ लावून. हळद-चुना-कॉफी काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लस दंडात घेतली तर 0, 3, 7, 14, 28 असे दिवस (0 म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), कातडीत असेल तर 0, 3, 7, 28. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरला विचारून घ्या. 'घरचंच मांजर आहे' म्हणून टाळू नका.

नुसता वाचक:
परात-वाटी जमली. मुंग्या बाहेर गोल गोल फिरतायत. पण मांजर परातीतलंच पाणी पितंय, शेजारची वाटी सोडून.

वाघाची मावशी:
पिऊ दे. रोज बदल फक्त, डास होतील. नाव काय ठेवलं?

नुसता वाचक:
परात.